अक्षरदाता लुई ब्रेल

आषाढी एकादशीच्या दिवशी पंढरपुरात पाऊल ठेवावयास जागा नसते. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगांचा गजर चाललेला असतो आणि विठ्ठलाच्या दर्शनासाठी लागलेली रांग दूरवर लांबत गेलेली असते. त्या रांगेत एखादा अंध वारकरीही असतो. पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून तो तासन्‌तास उभा राहतो. विटेवरची सावळी मूर्ती आपल्याला दिसणार नाही, हे त्याला ठाऊक असते. तरीही त्याची वारी वाया जात नाही. कारण पंढरपूरच्या दर्शनाची रीतच निराळी आहे. तेथे भक्ताने मूर्तीकडे दुरून पाहून परतावयाचे नसते. गाभाऱ्यात जाऊन देवाच्या चरणांना हात लावावयाचा आणि त्यांवर मस्तक टेकवावयाचे, असे हे पदस्पर्शदर्शन आहे. त्या एका क्षणी डोळस वारकरी आणि अंध वारकरी यांच्यांत काही भेद उरत नाही. डोळ्यांना जे कळत नाही, ते हातांना कळते.

विद्येच्या मंदिरात मात्र ही साधी गोष्ट कित्येक शतके कोणाच्या ध्यानी आली नाही. पुस्तके डोळस माणसांनी लिहिली आणि ती डोळस माणसांसाठीच लिहिली. अंध मुलगा कथाकीर्तने ऐके, अभंग मुखोद्गत करी. त्याची स्मरणशक्ती पाहून लोक थक्क होत. परंतु ऐकलेले विसरले, तर ते पुन्हा पाहावे कोठे? स्वतःच्या मनात आलेला विचार लिहून ठेवावा कसा? दुसरा कोणी वाचून दाखवील तेवढेच त्याचे ज्ञान, अशी त्याची अवस्था होती. या अवस्थेतून जगातील अंधांना बाहेर काढणारा मनुष्य कोणी राजा नव्हता, की मोठा पंडितही नव्हता. तो फ्रान्समधील एका खेड्यातला, स्वतः अंध असलेला, पंधरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे नाव लुई ब्रेल.

पॅरिस शहराच्या पूर्वेस कूव्रे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा होता. त्याचे वडील सिमॉन-रने हे घोड्यांची खोगिरे व चामड्याचा साज तयार करीत. त्यांच्या हाताला यश होते आणि पंचक्रोशीतील शेतकरी त्यांच्याकडे काम घेऊन येत. घरालगतच त्यांचे कामाचे दालन होते. भिंतीला चामड्याचे पट्टे टांगलेले असत आणि बाकावर हातोडी, चाकू, आरी अशी हत्यारे मांडलेली असत. लहानग्या लुईला त्या दालनाची फार ओढ होती.

तीन वर्षांचा असताना, १८१२ साली, तो एकदा तेथे एकटाच शिरला. वडिलांप्रमाणे आपणही चामड्याला भोक पाडावे, असे त्याच्या मनात आले. त्याने आरी उचलली, चामड्याचा तुकडा पुढे ओढला आणि वाकून जोर लावला. आरी निसटली व तिचे तीक्ष्ण टोक त्याच्या डोळ्यात शिरले. आईबापांनी होते नव्हते ते सारे उपाय केले. पण त्या काळी जंतुसंसर्ग थांबविणारी औषधे नव्हती. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाच वर्षांचा होईतो लुईची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भिक्षेची झोळी येई. ब्रेल दांपत्याने मात्र आपल्या मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. तिच्या टोकाने रस्ता चाचपीत लुई गावभर हिंडू लागला. घरातील लहानमोठी कामेही तो करू लागला. गावचे धर्मगुरू पालुई यांना या हुशार मुलाचे कौतुक वाटे. त्यांनी त्याला प्रथम शिकविले आणि मग गावच्या शाळेत घालण्यासाठी गुरुजींकडे शब्द टाकला. अंध मुलाला डोळस मुलांच्या वर्गात घेणे ही त्या दिवसांत नवलाची गोष्ट होती. परंतु बेशरे गुरुजींनी त्याला घेतले. लुई पाठ ऐके व तो ध्यानात ठेवी. तोंडी प्रश्नांची उत्तरे देण्यात तो पुढे असे. मात्र गुरुजींनी पुस्तके उघडण्यास सांगितले, की इतर मुलांची पाने सळसळत आणि लुई नुसता हात मांडीवर ठेवून बसून राही.

फेब्रुवारी १८१९ मध्ये दहा वर्षांच्या लुईला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत प्रवेश मिळाला. ही शाळा व्हालांतँ आयुई या परोपकारी गृहस्थांनी १७८५ च्या सुमारास सुरू केली होती. अंध मुलेही वाचू शकतील, असे प्रथम मनावर घेणारे ते पुरुष होत. जाड ओल्या कागदावर मोठ्या अक्षरांचे ठसे दाबून त्यांनी उठावाची पुस्तके तयार करविली होती. शाळेची इमारत जुनी, दमट आणि अंधारी होती. तरीही येथे पुस्तके आहेत, या एका विचाराने लुईला आनंद झाला.

तो आनंद फार काळ टिकला नाही. शाळेत उठावाची पुस्तके मोजकीच होती व त्यांतले एकेक पुस्तक उचलताना मुलांची दमछाक होई. त्याहून मोठी अडचण अक्षरांत होती. ती अक्षरे डोळ्यांसाठी घडविलेली होती. डोळा अक्षराचा आकार एका दृष्टिक्षेपात ओळखतो. बोटाला मात्र त्याच्या प्रत्येक वळणावरून फिरावे लागते. शब्दाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत बोट पोचावे, तो पहिले अक्षर मनातून निसटलेले असे. शिवाय ही अक्षरे मुलांना स्वतः लिहिता येत नसत, कारण ती छापखान्यातच उमटत. आयुईंचा हेतू थोर होता. पण डोळस माणसाला सोपे ते अंधालाही सोपे, असे त्यात गृहीत धरलेले होते. ही चूक कोणाच्या दुष्टपणाने झाली नव्हती. अंधाच्या बोटांना काय वाटते, हे त्यांना विचारले गेले नव्हते, एवढेच.

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाचे एक सेनाधिकारी शाळेत आले. सैनिकांना काळोखात दिवा न लावता निरोप वाचता यावा, अशा विचारातून त्यांनी एक लेखनपद्धती शोधली होती, असे सांगतात. तिच्यात अक्षरांच्या रेषा नव्हत्या, नुसते उठावाचे ठिपके होते. प्रत्येकी सहा ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी, असे बारा ठिपके घेऊन त्यांतून निरनिराळे ध्वनी दाखविले जात. टोकदार साधनाने कागद टोचून ते लिहिताही येत. मुलांनी त्या कागदावरून बोटे फिरविली आणि त्यांना एकदम उमगले, की रेषेपेक्षा ठिपका बोटाला कितीतरी स्पष्ट कळतो.

परंतु बारा वर्षांच्या लुईला या पद्धतीतील उणिवाही कळल्या. बारा ठिपक्यांचा समूह एवढा उंच होई, की तो बोटाच्या अग्राखाली मावत नसे. बोट वरखाली फिरवावे लागे. तिच्यात शब्दाचा उच्चार उतरे, पण शुद्धलेखन उतरत नसे. विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते, संगीताची चिन्हे नव्हती. निरोप पाठविण्यास ती पुरेशी होती. विद्या शिकण्यास पुरेशी नव्हती. लुईने मनाशी ठरविले, की यात सुधारणा करावयाचीच.

पुढली तीन वर्षे त्याला दुसरा ध्यास नव्हता. दिवसा शाळेचा अभ्यास चाले. रात्री सर्व मुले निजली, की लुई बिछान्यावर बसून कागद टोची, बोटाने तपासी आणि पुन्हा टोची. सुटीत तो कूव्रेला जाई, तेव्हाही कागद आणि टोचणी त्याच्यासोबत असत. अनेक रचना त्याने केल्या व मोडल्या. अखेर १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला हवे होते ते सापडले.

त्याने बाराचे सहा ठिपके केले. तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी, एवढाच त्याचा साचा होता. तो बोटाच्या अग्राखाली बरोबर मावतो, म्हणून बोटाला वरखाली जावे न लागता ते ओळीवरून सरळ पुढे सरकते. या सहा ठिपक्यांपैकी काही उठवावयाचे व काही सोडावयाचे. अशा रीतीने त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा तयार होतात. त्यांत सारी अक्षरे, विरामचिन्हे, अंक व गणिताची चिन्हे बसतात. या रचनेत मोठी शिस्त होती. पहिल्या दहा अक्षरांसाठी त्याने वरचे चारच ठिपके वापरले. पुढच्या दहा अक्षरांसाठी त्याच दहा खुणांना खालचा डावा ठिपका जोडला. म्हणजे दहा खुणा शिकणाऱ्याला पुढच्या दहा सहज येत. त्याच पहिल्या दहा खुणांपुढे एक अंकचिन्ह ठेवले, की ते अंक होत. पुढे संगीताची चिन्हेही त्याने याच सहा ठिपक्यांतून निर्माण केली.

लिहिण्याचे साधनही साधेच होते. खाचा असलेल्या पाटीवर जाड कागद बसवावयाचा, वर लहान चौकटींची पट्टी ठेवावयाची आणि चौकटीत टोचणीने ठिपके टोचावयाचे. ठिपके कागदाच्या मागील बाजूस उठतात, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहावयाचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाचे. ती टोचणी दिसावयास वडिलांच्या आरीसारखीच होती. ज्या जातीच्या हत्याराने लुईचे डोळे गेले, त्याच जातीच्या साधनाने त्याने अंधांना अक्षरे मिळवून दिली.

१८२८ साली लुई त्याच शाळेत साहाय्यक शिक्षक झाला. १८२९ साली त्याच्या पद्धतीचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १८३३ साली त्याला पूर्ण शिक्षकाचे पद मिळाले. तो व्याकरण, भूगोल, इतिहास आणि गणित शिकवी. त्याचे बोलणे मृदु असे. पण शिकविण्यात ढिलेपणा नसे. अंकगणिताचे एक छोटे पुस्तकही त्याने लिहिले. संगीतातही तो निष्णात होता व पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. विद्यार्थ्यांना तर त्याची लिपी जीव की प्राण झाली. प्रथमच त्यांना शिक्षकांचे बोलणे टिपून घेता येऊ लागले, स्वतःचे लिहिलेले स्वतः वाचता येऊ लागले आणि मित्राला गुपचूप पत्रही लिहिता येऊ लागले.

तरीही शाळेने ही लिपी अधिकृत मानली नाही. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. अधिकारी आणि बहुतेक शिक्षक डोळस होते. अंधांना निराळी लिपी दिली, तर ते डोळस समाजापासून तुटतील, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शिवाय ही लिपी शिकवावयाची, तर आधी शिक्षकांनीच पुन्हा विद्यार्थी होणे भाग होते. ते कष्ट घेण्यास थोडेच तयार होते. १८४० साली दुफो नावाचे नवे मुख्याधिकारी आले. त्यांनी ठिपक्यांच्या लिपीला मनाई करून पुन्हा उठावाच्या रेषांची अक्षरे चालू केली. जुनी पुस्तके जाळण्यात आली, असेही सांगतात. मुलांच्या पाट्या आणि टोचण्या काढून घेतल्या, तर मुले खिळे, विणकामाच्या सुया, जे हाती लागेल ते घेऊन चोरून लिहीत राहिली. बोटांना एकदा अक्षर कळले होते. ते आता विसरणे शक्य नव्हते.

लुईने या अन्यायाबद्दल कोणाशी भांडण केले नाही. विरोधकांच्या आक्षेपातही काही तथ्य आहे, हे तो जाणून होता. अंध मुलाने घरी पाठविलेले पत्र त्याच्या डोळस आईला वाचता आले पाहिजे, हे खरेच होते. म्हणून १८३९ सालीच त्याने दुसरी एक पद्धत प्रसिद्ध केली होती. तिच्यात ठिपक्यांतूनच नेहमीच्या अक्षरांचे आकार उमटत, त्यामुळे अंध व डोळस दोघांनाही ते वाचता येत. पुढे पिएर फुको या अंध यंत्रकुशल मित्राने असे लेखन वेगाने करणारे यंत्रही तयार केले. स्वतः लुईची प्रकृती मात्र खालावत चालली होती. त्याला क्षयाने ग्रासले होते आणि मधूनमधून शिकविण्याचे काम सोडून विश्रांती घ्यावी लागत होती.

अखेर परिस्थिती पालटली. दुफो यांचे साहाय्यक ग्वादे यांनी मुलांचे लेखन बारकाईने पाहिले आणि या लिपीचा गुण ओळखला. फेब्रुवारी १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीचा उद्घाटनसमारंभ झाला. त्या वेळी भर सभेत या लिपीची परीक्षा घेण्यात आली. एका मुलाने सांगितलेला मजकूर टिपून घेतला आणि त्या वेळी तेथे नसलेल्या दुसऱ्या मुलाने तो बोटांनी घडाघडा वाचून दाखविला, असे सांगतात. ग्वादे यांनी सर्वांसमक्ष लुई ब्रेलचा गौरव केला. दुफो यांनीही आपला हट्ट सोडला. आपली चूक ओळखून मागे फिरणे हा शिक्षकाचा मोठेपणाच म्हटला पाहिजे.

६ जानेवारी १८५२ रोजी लुई ब्रेलचे निधन झाले. त्याला त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. त्याच्या हयातीत त्याच्या लिपीला देशाची मान्यता मिळाली नाही. ती १८५४ साली मिळाली. १८७८ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या लिपीचा पुरस्कार केला आणि ती देशोदेशी पसरली. निधनानंतर शंभर वर्षांनी, १९५२ साली, फ्रान्सने त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, राष्ट्रातील थोर पुरुषांच्या सान्निध्यात नेऊन ठेवले. कूव्रेच्या गावकऱ्यांनी मात्र त्याचे हात आपल्याच गावी ठेवून घेतले. ज्या हातांनी सहा ठिपके शोधले, ते हात त्यांच्या जन्मभूमीतच विसावले आहेत.

ही लिपी महाराष्ट्रातही आली. १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. पुढे अशा आणखी शाळा निघाल्या. मात्र भारतात निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ठिपकेलिप्या चालत, त्यामुळे पुस्तकांची मोठी अडचण होई. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरविण्यात आली. मराठीही तिच्यातच लिहितात. तिच्यात ‘ल’ हे अक्षर म्हणजे डाव्या ओळीतले तीनही ठिपके होत. त्यांना उजवीकडचा सर्वांत खालचा ठिपका जोडला, की ‘व’ होतो. छापील मराठीत ‘वि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते. ब्रेलमध्ये आधी ‘व’ आणि मग इकार, असे उच्चाराच्या क्रमाने लिहितात. अशा रीतीने विठ्ठलाचे नावही बोटांखाली उमटते.

ब्रेलच्या काळापासून साधने पुष्कळ वाढली आहेत. सहा ठिपक्यांसाठी सहा कळा असलेले टंकलेखनयंत्र निघाले. आठ कोनांच्या भोकांच्या पाटीत लहान खिळे बसवून अंध मुले गणिते सोडवितात. आता तर अशी यंत्रे निघाली आहेत, की संगणकावरील मजकूर बारीक टाचण्यांच्या रूपाने वर येतो, बोटांनी वाचून झाला की खाली जातो आणि पुढली ओळ उठते. परंतु शिक्षकाला वापरता येत नसेल, तर उत्तमातले उत्तम साधनही कपाटात पडून राहते. फळ्यावर लिहिताना शिक्षकाने ते मोठ्याने उच्चारले, नकाशाच्या सीमांवर दोरा चिकटविला, अंध मुलाची वही स्वतः वाचावयास तो शिकला, म्हणजे तो वर्ग त्या मुलाचाही होतो. म्हणूनच दिव्यांगांच्या हक्कांसाठी २०१६ साली भारतात जो कायदा झाला, त्यात ब्रेल आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करणे व नेमणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. असे शिक्षक स्वतः दिव्यांगही असू शकतात, हेही त्यात आवर्जून म्हटले आहे. पॅरिसच्या शाळेत मुलांना शिकविणारा लुई असाच एक शिक्षक होता.

पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना शतकानुशतके बंद होते. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण केले आणि मग ते उघडले. विद्येचे दारही असेच पुष्कळांना बंद असते. कधी ते कोणी मुद्दाम लावलेले असते, तर कधी आत बसलेल्यांना ते बंद असल्याचे ठाऊकही नसते. असे एक दार लुई ब्रेलने उघडले. त्यासाठी त्याच्यापाशी होती फक्त एक टोचणी, जाड कागद आणि अंध माणसाची गरज ओळखणारे स्वतःचे मन. आज जगात कोठेही एखादे अंध बालक ओळीवरून बोट फिरवीत हसते, तेव्हा कूव्रेच्या त्या मुलाचे रात्री जागून केलेले श्रम पुन्हा एकदा सार्थकी लागतात.